फुटबॉलच्या मॅनेजरचा पगार आणि परदेशातील कर

अमुक मॅनेजर अमुक क्लब सोडून तमुक क्लबाकडे गेला व त्यास वर्षाकाठी इतके लक्ष पौंड मिळणार, अशी बातमी वर्तमानपत्रात आली म्हणजे घरातील तरुण मंडळी त्या आकड्यास रुपयांच्या भावाने गुणतात आणि थक्क होतात. हा गुणाकार चुकत नाही. परंतु त्यापुढची वजाबाकी करावयाची राहून जाते. आमच्या पळसदरीस आगगाडीच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेला तलाव आहे. इंजिनाच्या दृष्टीने तलावात किती पाणी साठले याला महत्त्व नसे. नळाच्या तोंडाशी किती पोहोचले याला असे. पगाराचेही तसेच आहे. करारात लिहिलेला पगार एक, आणि हाती पडणारा दुसरा. या दोहोंमधील तफावत मुख्यतः कराची असते व ती देशागणिक बदलते. श्रोतेहो, आज ती तफावत कशी पडते हे पाहावयाचे आहे. कारण कोणाचा मुलगा लंडनला तर कोणाची मुलगी दुबईला, अशी आपल्या घरोघरची स्थिती असल्यामुळे हा प्रश्न आता केवळ खेळाडूंचा उरलेला नाही.

इंग्लंडातील फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे जमाखर्च पाहणारा कारभारी नव्हे. संघाची निवड, सराव व डावपेच या सर्वांची जबाबदारी ज्याच्या शिरावर तो मॅनेजर. त्याचा करार बहुधा दोनतीन वर्षांचा असतो. मुदतीपूर्वी दुसऱ्या क्लबाने त्यास बोलाविले तर त्या क्लबाने पहिल्या क्लबास भरपाई द्यावयाची, आणि संघ हरू लागला तर मॅनेजरने निरोप घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घेऊ. डेस बकिंगहॅम हा इंग्रज प्रशिक्षक २०२१ मध्ये मुंबई सिटी या क्लबाकडे आला. त्याच्या हाताखाली २०२२ च्या एप्रिलमध्ये या क्लबाने इराकच्या एअर फोर्स क्लबास हरवून आशियाई चँपियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मान मिळविला, व २०२२-२३ च्या हंगामात इंडियन सुपर लीगची ढालही जिंकली. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात, हंगाम चालू असतानाच, तो आपल्या जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबाकडे गेला. त्याचा स्वतःचा कर किती झाला हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. परंतु अशा रीतीने वर्षाच्या मध्येच देश बदलणाऱ्या कोणासही जे प्रश्न पडतात, ते या उदाहरणावरून चांगले समजतात.

पहिला प्रश्न असा, की कर कोणत्या देशाने घ्यावयाचा? येथे माणसाचे नागरिकत्व दुय्यम ठरते, आणि त्याचे वास्तव्य मुख्य ठरते. भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत चालते. त्या वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ जो येथे राहिला, तो करापुरता येथील निवासी होय. मग त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब येथे मागितला जातो. नव्याने आलेल्या परदेशी माणसास बाहेरच्या उत्पन्नापुरती पहिली काही वर्षे सूट असते, एवढाच काय तो अपवाद. जो निवासी नाही, त्याने केवळ भारतात मिळविलेल्या पैशावर येथे कर द्यावयाचा. इंग्लंडचे करवर्ष मात्र ६ एप्रिलला सुरू होते आणि तेथील दिवस मोजण्याचे नियमही निराळे आहेत. त्यामुळे एकच माणूस एकाच वर्षी दोन्ही देशांचा निवासी ठरण्याचा संभव असतो. अशा वेळी एका पैशावर दोनदा कर पडू नये म्हणून देशादेशांत करार झालेले आहेत; भारत व ब्रिटन यांच्यातील चालू करार १९९३ चा आहे. एका देशात भरलेला कर दुसऱ्या देशातील देण्यातून वजा मिळतो, हे त्याचे सार होय.

आता दर पाहू. ब्रिटनमध्ये १,२५,१४० पौंडांवरील उत्पन्नास ४५ टक्के कर आहे. भारतात २०२५-२६ या वर्षी नव्या पद्धतीने २४ लाखांवरील उत्पन्नास ३० टक्के दर होता. त्यावर अधिभार व उपकर चढून अतिश्रीमंतांच्या बाबतीत तो ३९ टक्क्यांपर्यंत जातो. देश एक असला तरी दर एक असतोच असेही नाही. ब्रेंडन रॉजर्स हा मॅनेजर २०१९ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून इंग्लंडातील लेस्टरकडे गेला आणि २०२३ मध्ये सेल्टिककडे परतला. ज्याचे मुख्य घर स्कॉटलंडात आहे, त्याच्या वेतनावर स्कॉटलंडचे दर लागतात, आणि तेथील सर्वोच्च दर २०२४ च्या एप्रिलपासून ४८ टक्के आहे.

आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा असल्याने प्रांत बदलून दर बदलत नाही. मुंबई एफसी या क्लबास अनेक वर्षे शिकविणारे खालिद जमील यांनी मिझोरामला जाऊन २०१६-१७ मध्ये ऐझॉल क्लबास आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, व पुढे ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. या प्रवासात कराचे कोष्टक बदलत नाही. तथापि मिझोराममध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांस तेथेच मिळविलेल्या उत्पन्नावर प्राप्तिकर माफ आहे. बाहेरून गेलेल्या प्रशिक्षकास तो माफ नाही. म्हणजे एकाच संघात, एकाच क्लबाकडून पगार घेणाऱ्या दोघांचे गणित वेगळे असू शकते.

दुसरा प्रश्न असा, की कराचा भार वस्तुतः कोणी सोसावयाचा? इंग्लंडात करार बहुधा कर धरून केलेल्या आकड्याचा होतो. इटली व स्पेन येथे हातात पडणाऱ्या आकड्यावर बोलणे होण्याची रीत आहे. समजा, एखाद्या मॅनेजरने एक कोट निव्वळ मागितले. कर सरसकट २४ टक्के असेल तर क्लबास सुमारे १ कोट ३२ लाख खर्च येतो. ४५ टक्के असेल तर सुमारे १ कोट ८२ लाख. मॅनेजरच्या हाती दोन्हीकडे सारखेच पडते, परंतु क्लबाच्या खर्चात पन्नास लाखांचा फरक होतो. स्पेनने २००५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नोकरदारांसाठी २४ टक्क्यांचा सरसकट दर केला, त्यास लोकांनी बेकहॅम या खेळाडूचे नाव दिले. २०१५ पासून व्यावसायिक खेळाडूंस ती सवलत बंद झाली. क्लेवेन, लांदे व साएझ या अर्थशास्त्रज्ञांनी युरोपातील १४ देशांच्या फुटबॉलचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखविले, की कमी कराकडे उत्तम परदेशी खेळाडूंचा ओढा निश्चितपणे वाढतो.

मग जेथे वेतनावर करच नाही, तेथे सर्वांनी का जाऊ नये? मुंबईचे क्रिकेटपटू लालचंद राजपूत यांनी अफगाणिस्तान व झिंबाब्वे यांच्या संघांस शिकविल्यानंतर २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्या देशात पगारावर प्राप्तिकर नाही. कोकणातील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ आखाती नोकरीवर चालतो, तोही याच भूमीत. परंतु येथेच सावधपणा हवा. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाचे १८१ दिवस २८ सप्टेंबरला पूर्ण होतात. त्यापूर्वी जो निघाला, तो त्या वर्षापुरता अनिवासी. त्याच्या दुबईच्या पगारावर येथे कर नाही. जो निरोपसमारंभासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबला, तो सामान्यतः निवासी ठरतो, व मार्चअखेरपर्यंतचा त्याचा दुबईचा पगार येथील हिशेबात येतो. इंग्लंडास गेलेल्यास तेथे भरलेला कर वजा मिळतो. दुबईस काही भरलेलेच नसल्यामुळे वजा काय मिळणार? दोन आठवड्यांच्या विलंबाची किंमत याप्रमाणे काही लाखही होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. कर नाही तेथे करातून मिळणारा आधारही नाही. अमिरातीत नोकरी संपताना परदेशी नोकरास पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे वेतन मिळते; पण ते मूळ वेतनावर मोजले जाते, भत्त्यांवर नव्हे. मूळ वेतन थोडे व भत्ते मोठे अशी पत्रावर मांडणी असेल, तर शेवटी हाती येणारी रक्कम लहानच राहते.

म्हणून नेमणुकीचे पत्र हाती पडताच, त्या भरवशावर घरासाठी कर्ज काढण्यापूर्वी, चार प्रश्न विचारावेत: हा आकडा कर धरून की कर वजा जाता? कोणत्या तारखेस निघावयाचे? मूळ वेतन किती? आणि मुदतीपूर्वी काढून टाकले तर काय मिळणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बकिंगहॅमने २०२४ च्या मे महिन्यात वेम्बलेच्या मैदानावर ऑक्सफर्डला दुसऱ्या श्रेणीत नेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यास निरोप मिळाला. कराचा दर निदान आधी वाचता येतो. नोकरीचे आयुष्य वाचता येत नाही. यास्तव संसाराची आखणी हाती पडणाऱ्या आणि टिकणाऱ्या रकमेवर करावी, छापलेल्या आकड्यावर करू नये.