सहीची किंमत नकारात असते

28 मे 2021 च्या रात्री उल्हासनगरच्या नेहरू चौक परिसरात साईसिद्धी इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब मजल्यामागून मजले फोडत तळमजल्यापर्यंत आला. सात माणसं गेली. तेराच दिवसांपूर्वी कॅम्प 1 मधल्या मोहिनी पॅलेसमध्येही स्लॅब कोसळला होता. साईसिद्धी 1994-95 च्या सुमाराची. त्या काळातल्या अनेक इमारतींत हलक्या प्रतीची रेती आणि माल वापरला गेल्याचं नंतर सांगण्यात आलं.

उदाहरणार्थ, खाडीची रेती नीट न धुता वापरली, तर तिच्यातलं मीठ काँक्रीटच्या पोटातल्या सळईला गंज चढवतं. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट तडकतं, स्लॅबचे पोपडे निघू लागतात. याला वर्षं लागतात. रेतीचा ट्रक साईटवर रिकामा होताना कुणीतरी ‘नाही’ म्हणायचं राहून जातं आणि त्याची वसुली पुढे कधीतरी वर राहणाऱ्या कुटुंबांकडून होते.

नोकरीत नकार देणाऱ्याला आपण अडेलतट्टू म्हणतो. पण साईट इंजिनीअर, स्ट्रक्चरल ऑडिटर, नगररचना खात्यातला अधिकारी यांच्या कामात अडवणं धरलेलंच आहे. जो कधीच अडवत नाही, त्याची सही म्हणजे कागदावरची शाई.

कायद्यानेही नकाराला जागा ठेवली आहे. महापालिका हद्दीत तीस वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ‘सी-1’, म्हणजे अतिधोकादायक, असा शेरा पडला, की घरं रिकामी करावी लागतात. बदलापुरात उल्हास नदीची निळी पूररेषा, जिच्या आत बांधकामाला मनाई असते, हाही एक नकारच. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

नकार ऐकलाही जावा लागतो. 27 जानेवारी 1986 च्या रात्री ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या बूस्टरवर काम केलेल्या इंजिनीअरांनी कडाक्याच्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील, असं बजावलं होतं. व्यवस्थापनाने ते डावललं. दुसऱ्या दिवशी उड्डाणातच सात अंतराळवीर गेले.

म्हणून नकार वेळेवर द्यावा, कारणासह द्यावा, लेखी द्यावा आणि सोबत पुढची वाटही सांगावी. ‘हे मला जमणार नाही’ एवढ्यावर वाद पेटतो. ‘रेतीचा रिपोर्ट येईपर्यंत स्लॅब भरायला नको, तोवर खालच्या मजल्याचं वीटकाम उरकू’ असं म्हटलं, की कामही चालू राहतं आणि शब्दही राहतो. वरिष्ठानेही असा नकार देणाऱ्याची पाठराखण करावी. नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

अंबरनाथ-बदलापुरात आज टॉवरमागून टॉवर उभे राहताहेत. ‘साहेब, सही करून टाका, पुढचं बघून घेऊ’ हे वाक्य कुठल्याही साईटला नवं नाही. तिथे घर घेणारा माणूस रोज पहाटेची लोकल पकडून वीस वर्षं हप्ते फेडणार आहे. रेती त्याने पाहिलेली नसते, सळई त्याला दिसत नाही. बांधकामाच्या वेळी कुणीतरी ‘नाही’ म्हणालं असेल, याच भरवशावर तो त्या छताखाली झोपतो.