वडगावचा तह आणि मावळातला इष्टुर फाकडा

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने जाणाऱ्याला वडगाव मावळ म्हणजे तालुक्याची कचेरी, एवढंच ठाऊक असतं. गावाचं दैवत पोटोबा महाराज आणि गावाचा अभिमान मराठा सरदार महादजी शिंदे. तो अभिमान रास्त आहे. ईस्ट इंडिया कंपनीची फौज कोंडून तिच्याकडून तह लिहून घेतला, असं सांगू शकणारी गावं हिंदुस्थानात थोडीच.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकर इंग्रज पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना पुण्यात गादीवर बसवायला निघाले. फौज सुमारे चार हजारांची आणि सामान वाहायला एकोणीस हजार बैल! घाट चढून आल्यावर हे लटांबर दिवसाला जेमतेम मैलभर सरकू लागलं. नाना फडणवीस, महादजी, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांनी मोठ्या लढाईची घाई केली नाही. मराठे मागे हटत गेले, हटताना दाणावैरण नाहीशी करत गेले आणि बाजूने छापे घालत राहिले.

९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावला पोचले, तर गाव जाळून मोकळं केलेलं. वेळ आली तर चिंचवड आणि पुणंही पेटवण्याची तयारी होती. स्वतःची राजधानी जाळायला निघालेल्या शत्रूशी लढायचं कसं? ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज गुपचूप माघारी वळली, पण मराठे सावध होते. त्यांनी तिला वडगावात चहूबाजूंनी घेरलं. १७७३ पासून बळकावलेला साष्टीसारखा मुलूख परत करण्याचं कबूल करून आणि दोन अधिकारी ओलीस ठेवून इंग्रजांनी सुटका करून घेतली. मोहिमेचे म्होरके एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नॅक यांना कंपनीने नोकरीतून काढून टाकलं. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने हा तह पुढे नाकारला. इंग्रज-मराठ्यांचं हे युद्ध थांबलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने, तेही महादजींच्याच मध्यस्थीने.

याच मोहिमेतला एक इंग्रज मात्र मावळाने आपलासा केला. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून पडला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला होता, असं सांगतात. त्याची धडाडी पाहून मराठ्यांनीच स्टुअर्टचं ‘इष्टुर’ करून त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. आपल्याकडच्या मानाजी शिंद्यांनाही ‘फाकडा’ हाच किताब होता, म्हणजे शत्रूला घरच्या वीराच्या पंक्तीत बसवलं. वडगावात त्याची समाधी आहे आणि लोक तिथे हात जोडतात. विजयस्तंभ उभारणाऱ्या गावाने ही समाधीही जपली, हे मोठेपण त्या विजयाइतकंच सांगण्याजोगं आहे. इतिहासकार ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हाही या भागात फाकड्याचं नाव निघत होतं. मोहिमेचे म्होरके एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नॅक यांना कंपनीने नोकरीतून काढून टाकलं.