छडीचा गुण की योगायोगाचा?

"रागावल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत," असे पुष्कळ शिक्षक आणि पालक म्हणतात. पुरावाही देतात. चाचणीत ज्याला फार कमी गुण पडले त्याला दटावले, तर पुढच्या वेळी तो वर आला. ज्याला शाबासकी दिली तो मात्र घसरला. मग शाबासकी वाईट आणि धाक चांगला, असेच म्हणायचे काय?

१९६०च्या दशकात इस्रायलमध्ये विमानविद्या शिकवणाऱ्या एका शिक्षकाने मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्यापुढे हाच मुद्दा मांडला. काहनेमन यांनी जमिनीवर खडूने खूण केली आणि जमलेल्या शिक्षकांना तिच्याकडे पाठ करून, न पाहता, दोन नाणी टाकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे खुणेजवळ पडले, त्यांतल्या बहुतेकांचे दुसरे लांब गेले. ज्यांचे पहिले लांब, त्यांचे दुसरे बहुधा जवळ आले. इथे ना कोणी शाबासकी दिली, ना कोणी रागावले!

कारण सोपे आहे. गुणांत अभ्यासाचा वाटा असतो, तसा योगायोगाचाही. आदल्या रात्री ताप आला, न वाचलेलाच धडा नेमका विचारला, गुण घसरले. असे पुन्हा लागोपाठ सहसा घडत नाही. मूल आपोआप आपल्या नेहमीच्या पातळीवर येते. १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ मुलांची उंची ताडून पाहिली. फार उंच आईबापांची मुले उंच होती खरी, पण सरासरीने आईबापांइतकी नव्हती. हेच ते 'सरासरीकडे परतणे'.

मग उपायाचा खरा गुण ओळखावा कसा? समजा, कमी गुणांची चाळीस मुले आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडा. निवड स्वतः करू नका. नाहीतर होतकरू मुले नकळत एकाच गटात जातील. एका गटाला जादा तास द्या, दुसऱ्याला नेहमीसारखे शिकवा. मग एकच चाचणी घेऊन दोन्ही गटांची सरासरी काढा. आपोआप होणारी वाढ दोन्हीकडे जवळजवळ सारखी असणार. त्याहून जे अधिक, ते जादा तासांचे. मात्र गट जितका लहान, तितका फरक योगायोगाचा असण्याचा संभव जास्त, हे विसरू नका.

छडीची अशी परीक्षा घ्यायची नाही बरं का! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. पण कोणी म्हणाले, "मी रागावलो म्हणून पोरगा सुधारला," तर त्यांना एवढेच विचारा: "आणि ज्यांना रागावला नाहीत, त्यांचे काय झाले?"