पिस्टनने दिलेली साक्ष

आज आपण आमच्या बचत गटाच्या फवारणी पंपाबद्दल बोलणार आहोत. पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा, 26 सीसीचा टू-स्ट्रोक पंप. गटाच्या पैशातून घेतलेला. ज्या ताईला लागेल तिने न्यायचा, रोजाप्रमाणे भाडे द्यायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, तूर फुलोऱ्यात असताना, आमच्यातली एक ताई पंप घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी बंद पडलेला परत घेऊन आली. बैठकीत गलका झाला. सगळ्यांचे एकच म्हणणे, "हिने मोटारसायकलच्या बाटलीतले नुसते पेट्रोल ओतले असणार, ऑइल टाकलेच नसणार." ती शपथेवर सांगत होती, पण ऐकतो कोण? पाचशे रुपये दंड लावून आम्ही मोकळ्या झालो. दुरुस्तीवाल्याने तर पंप न उघडताच सांगितले, पूर्ण इंजिन बदला.

एवढा पैसा गटाकडे नव्हता. म्हणून आमच्यापैकी चौघींनी पंप अंगणात घेतला, आणि एकीच्या दिराला, जो पूर्वी गॅरेजात काम करायचा, शेजारी बसवले. हात मात्र आमचेच.

आधी हे इंजिन कसे चालते ते बघा. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळे भरावे लागते. आपल्या पंपात ऑइलची वेगळी जागाच नाही. जुन्या लुनासारखेच. पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत जाते, तिथून वर येऊन पेटते. त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच क्रँक, बेअरिंग, पिस्टन सगळ्यांना वंगण देते. ऑइल नसेल तर काही मिनिटांत पिस्टन तापतो, फुगतो आणि जाम होतो. आणि हवेबरोबर माती आत गेली तर तीही याच वाटेने सगळीकडे फिरते. ही दुसरी गोष्ट तेव्हा आमच्या डोक्यात नव्हती.

तपासायच्या आधी टाकीतले पेट्रोल काढा, पंप साबणाच्या पाण्याने धुवा आणि हातमोजे घाला. पंपावर औषध बसलेले असते. चूल, बिडी, लेकरे, तिन्ही लांब. प्लगची टोपी काढून ठेवा.

पहिली तपासणी हाताची. सुरू करायची दोरी हळू ओढा. चांगल्या इंजिनात मधेच दाब लागतो, जाते ओढताना खडा अडकावा तसा. दोरी हलतच नसेल तर प्लग काढून पुन्हा ओढा. आता हलली तर आत पेट्रोल किंवा पाणी साचले होते. तरीही हलली नाही तर पिस्टन जाम असण्याची शक्यता मोठी, पण दोरीचे यंत्रच अडकले नाही ना तेही बघून घ्या. आमची दोरी मात्र सहज येत होती. दाब असा लागतच नव्हता. दीर म्हणाला, "वहिनी, ऑइलशिवाय चालवलेले इंजिन असे सैल राहत नाही." तिथे पहिल्यांदा आम्ही एकमेकींकडे बघितले.

प्लगही बघायचा. पांढराफटक म्हणजे इंजिन फार तापले. काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त जाते. टोकावर चांदीसारखे बारीक कण असतील तर पिस्टन वितळायला लागला होता. आमचा प्लग विटकरी होता, धड.

मग सायलेन्सर काढला. त्याच्या भोकातून पिस्टनची एक बाजू दिसते. दोरी हळूहळू ओढत, बॅटरीच्या उजेडात बघा. नुसते पेट्रोल गेले असेल तर पिस्टनवर खोल उभे ओरखडे सगळीकडे असतात, धातू फासल्यासारखा दिसतो. ओरखडे फक्त सायलेन्सरच्याच बाजूला असतील तर बहुधा इंजिन तापले: कुठून तरी जादा हवा शिरते, नाहीतर थंड करणाऱ्या पट्ट्यांत चिखल आणि भुसा भरलेला असतो. आमची ती बाजू गुळगुळीत होती.

दुसऱ्या बाजूने कार्बोरेटर काढला आणि सगळे कळले. तिकडचा पिस्टन घासून मंद, राखेसारखा झाला होता. भोकाच्या तोंडाशी बारीक माती. फिल्टरचे झाकण उघडले तर आत स्पंजच नाही! पोळ्याच्या सुमारास आम्हीच तो धुवून दोरीवर वाळत टाकला होता. पुढे सोयाबीनच्या मळणीच्या धुळीत तसाच पंप चालला, चार-पाच घरी फिरला. त्या ताईच्या हातात आला तेव्हा रिंगा संपलेल्याच होत्या.

कारण न शोधता नवा पिस्टन बसवला असता तर तोही महिन्याभरात गेला असता.

आता जोडणी. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन आणि पॅकिंग असा संच वसमतहून आणला, साडेआठशेला. ब्लॉक उपसल्यावर खालच्या तोंडात लगेच स्वच्छ फडके कोंबा, नाहीतर पिनेचे लॉक उडून आत पडते. एक लॉक उडालेच. आम्ही अर्धा तास अंगण झाडत होतो. (जुने लॉक पुन्हा वापरायचे नसते, पण ते आत नाही हे कळायला हवे.) मग फडके काढून दांडा वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा हलला तर चालते, उभा खडखडला तर खालचे बेअरिंग गेले. तिथे थांबा, ते घरचे काम नाही. आमचा खडखडला नाही. क्रँकची खोली ऑइल घातलेल्या पेट्रोलने दोनदा विसळून माती काढली.

पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा. रिंगेच्या फटीत एक बारीक खुंटी येते. रिंगेची टोके तिच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत. नाही बसली तर रिंग भोकात अडकून तुटते. सगळ्याला टू-टी ऑइल लावा, रिंगा बोटांनी दाबून ब्लॉक सावकाश सरकवा, जोर लावू नका. बोल्ट एकदम न आवळता आलटून-पालटून आवळा.

आमच्या पंपाच्या पुस्तिकेत 1 लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल सांगितले आहे. काही यंत्रांना 20 मिली लागते, म्हणून आपापली पुस्तिका बघा. मिश्रण वेगळ्या डब्यात करून हलवा, मगच टाकीत भरा. पहिली टाकी पूर्ण वेगाने चालवायची नाही, मधे थंड होऊ द्यायचे.

चौथ्या ओढीला पंप सुरू झाला. पहिली फवारणी त्याच ताईच्या तुरीवर केली, भाडे न घेता. दंडाचे पाचशे परत दिले, तिने ते मोजून घेतले आणि काही बोलली नाही. आता पंप परत आला की झाकण उघडून स्पंज दाखवायचा आणि वहीत सही करायची, असे ठरले आहे. जुना पिस्टन गटाच्या पेटीत ठेवलाय. ज्यांना बघायचा असेल त्यांनी बैठकीला या, हातात घेऊन दोन्ही बाजू बोटाने चाचपून बघा.