दोन लाइटी, एकच बोर्ड

कागल आणि निपाणी यांच्यात अंतर वीसेक किलोमीटरचं. कागलला महावितरणची वीज, निपाणीला कर्नाटकातल्या हेस्कॉमची. पण घराघरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ हे दोन्हीकडे सारखंच. तरी 31 डिसेंबर 2013 पर्यंत या दोन गावांतली वीज सरळ एकमेकींना जोडता येत नव्हती. कागल पश्चिम ग्रिडवर, निपाणी दक्षिण ग्रिडवर. कोल्हापूर ते चिकोडी 220 किलोव्होल्टच्या तारा तेव्हाही होत्या, पण त्यांच्यावरून वीज घ्यायची तर घेणारा भाग आधी आपल्या ग्रिडमधून सोडवायचा आणि मगच समोरच्या ग्रिडला लावायचा. दोन्हीकडे एकाच वेळी पाय ठेवायची सोय नव्हती. रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची लाइन त्या दिवशी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ठेक्यात आलं.

ठेका हा शब्द इथे मुद्दाम वापरला. लेझीमचे दोन ताफे एकाच गतीने खेळत असले, पण एकाने अर्धा ठेका उशिरा सुरुवात केली असली, तर त्यांना एका ओळीत उभं करता येत नाही. विजेचं तसंच आहे. 230 हा आकडा सरासरीसारखा. प्रत्यक्षात व्होल्टेज सेकंदाला पन्नास वेळा अधिक 325 ते उणे 325 असं हेलकावतं. एक वीज वरच्या टोकाला असताना दुसरी खालच्या टोकाला असेल, तर दोघींमध्ये 650 व्होल्टचा फरक पडतो, आणि त्याला अडवायला असतो फक्त तारेचा किरकोळ रोध. अशा झटापटीत दुबळा पक्ष जळतो.

पुणे–बंगळूर हायवेवर तवंदी घाट चढणाऱ्या कॅम्पर व्हॅनमध्ये हा दुबळा पक्ष म्हणजे इन्व्हर्टर. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच्या आगेमागे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत पलंग, ओटा, फ्रिज बसवायची हौस वाढली. अशा गाडीत वीज दोन वाटांनी येते. मुक्कामाला बाहेरच्या सॉकेटमधून वायर ओढून, आणि रस्त्यात बॅटरीवरच्या इन्व्हर्टरमधून. फ्रिज तोच, मिक्सर तोच, बोर्डही तोच.

घोटाळा होतो तो आपल्या घरच्या सवयीमुळे. आपण ज्याला इन्व्हर्टर म्हणतो, त्या डब्यात खरं तर तीन यंत्रं असतात: बॅटरीची डीसी वीज एसी करणारं, बॅटरी चार्ज करणारं, आणि लाइट गेली-आली की बोर्ड इकडून तिकडे फिरवणारा रिले. गाडीसाठी म्हणून जो सुटा इन्व्हर्टर मिळतो, त्यात बहुतेक वेळा पहिलं एकच यंत्र असतं. त्याला बाहेरच्या लाइटची काही खबर नसते. घरच्यासारखा तो आपोआप बाजूला होईल असं धरून दोन्ही वायरी एकाच बोर्डात खोचल्या, तर पहिल्याच मुक्कामात तो जळून जाईल.

त्याहून वाईट एक जुगाड आहे. इन्व्हर्टर सुरू आहे, बाहेरची वायर सॉकेटमधून उपसलेली आहे, आणि बोर्ड मात्र दोघांना सामाईक. अशा वेळी हातातल्या प्लगच्या उघड्या पितळी पिनांवर 230 व्होल्ट असतात. आणि गावची लाइट गेलेली असताना हा प्लग सॉकेटमध्येच राहिला, तर वीज उलटी लाइनवर चढते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. तो उलट्या बाजूने 11 हजार व्होल्ट बनवू लागतो. सगळ्या आळीचा भार अंगावर येताच छोटा इन्व्हर्टर बहुधा लगेच मान टाकतो, पण खांबावर चढलेल्या लाइनमनने त्या ‘बहुधा’वर का विसंबावं?

उपाय तोच, चिकोडीच्या तारांवरचा. एक चेंजओव्हर स्विच: एका बाजूला बाहेरची लाइट, दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर, मध्ये शून्य. आधी सोडायचं, मग धरायचं. मात्र तो डबल पोल हवा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही फिरला पाहिजे. कुठल्या ढाब्यावर, कुठल्या यात्रेच्या मांडवात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील याचा नेम नाही. शिवाय बऱ्याच सुट्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल असा नसतोच. टेस्टर दोन्ही भोकांत मिणमिणतो. त्यातलं एक टोक बाहेरच्या न्यूट्रलला कायमचं बांधणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

बॅटरीचा चार्जर चेंजओव्हरच्या अलीकडे, फक्त बाहेरच्या लाइटवर हवा. तो चुकून पलीकडे गेला की बॅटरी इन्व्हर्टर चालवते, इन्व्हर्टर चार्जर चालवतो आणि चार्जर तीच बॅटरी भरत बसतो. प्रत्येक फेऱ्यात थोडी वीज उष्णता होऊन जाते. सकाळी बॅटरी रिकामी, आणि रात्रभर दिवाही लावलेला नसतो.

बॅटरीच्या बाजूची वायर मनगटाला शोभेल अशी जाड लागते, ती का हे साध्या भागाकारात कळतं. 1000 वॅटला 230 व्होल्टवर साडेचार अँपिअर पुरतात. 12 व्होल्टवर तेच 83 होतात आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर पंचाण्णवच्या घरात जातात. म्हणून वायर आखूड, लग दाबून क्रिम्प केलेले, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी टोकाशी. इंडक्शन शेगडीचा नाद सोडावा, गॅस बरा.

राहिलं अर्थिंग, आणि इथे चांगले वायरमनही फसतात. गळणाऱ्या करंटवर 30 मिलिअँपिअरला पडणारी आरसीसीबी घरात काम करते, कारण ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो आणि गळलेल्या करंटला परतीची वाट मिळते. व्हॅन रबरी टायरांवर, इन्व्हर्टर कशालाच न बांधलेला. फ्रिजचा पत्रा फेजला टेकला तरी करंट परतायला वाट नाही, आरसीसीबी गप्प. ती वाट इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या एका टोकाची गाडीच्या बॉडीशी जोडणी करून द्यावी लागते, आणि बाहेरची लाइट घेताच ती सुटली पाहिजे. सगळ्या इन्व्हर्टरना हे चालत नाही. काही स्वस्त मॉडेलं अशा जोडणीने जळतात, म्हणून खरेदीआधी माहितीपत्रक वाचावं. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण इथे पुरावा नाही. ते आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये गळती घडवतं, त्यामुळे अर्थिंग मुळीच नसतानाही खटका पडतो आणि वायरमन समाधानाने हात पुसतो. इन्व्हर्टर सुरू करून मल्टिमीटरची एक पिन न्यूट्रलला, दुसरी बॉडीला लावावी. शून्याच्या जवळ आकडा आला तर जोडणी आहे. शंभराच्या आसपास तरंगत राहिला तर वायरमनला पुन्हा बोलवावं.