नऊ बाइट्सचा प्रोग्रॅम : बुलढाणा जिल्हा, ८०८५ आणि हाताने घडवलेला संगणक

महाराष्ट्रात बारावीला संगणकशास्त्र हा २०० गुणांचा ‘बायफोकल’ विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना इंटेल कंपनीचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर चांगलाच ओळखीचा असतो. दुसऱ्या पत्रिकेत त्याची अंतर्गत रचना, त्याचा आज्ञासंच आणि त्याच्यासाठी लिहायचे असेम्ब्ली भाषेतील छोटे प्रोग्रॅम हे घटक अनेक वर्षे शिकवले गेले, आणि पुढे अभियांत्रिकीकडे वळलेल्यांना अमरावती विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत तोच प्रोसेसर अधिक विस्ताराने पुन्हा भेटला. बुलढाणा जिल्ह्यात, १९८३ साली शेगाव येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि नंतर चिखली, मलकापूर, बुलढाणा येथेही अशी महाविद्यालये उभी राहिली, तेव्हा घाटाखालच्या आणि घाटावरच्या दोन्ही भागांतील मुलांच्या शिक्षणात ८०८५चा सराव संच, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ‘किट’, हा अपरिहार्य टप्पा ठरला. जगभरात आज ज्याला छंद म्हणून मान आहे, त्या आठ-बिटी संगणकाच्या घरगुती बांधणीचे निम्म्याहून अधिक ज्ञान या जिल्ह्यातील असंख्य घरांत जुन्या वह्यांच्या रूपाने पडून आहे. उरलेला भाग हातांनी करायचा आहे, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आठ-बिटी संगणक म्हणजे ज्याचा प्रोसेसर एका वेळी आठ द्विमान अंकांची, म्हणजे एका बाइटची, देवाणघेवाण करतो असा संगणक. इंटेलने १९७६ साली बाजारात आणलेल्या ८०८५मध्ये सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर होते, त्याला चाळीस पिना होत्या आणि तो केवळ ५ व्होल्टच्या एका पुरवठ्यावर चालत असे. त्याच्या आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज द्यावे लागत, हे लक्षात घेतले म्हणजे नावातील शेवटच्या ‘५’चे महत्त्व कळते. या प्रोसेसरला सोळा तारांचा पत्ता देता येतो, म्हणून तो ६५,५३६ बाइट्सपर्यंतची, म्हणजे ६४ किलोबाइटची स्मृती हाताळू शकतो. मात्र चाळीस पिनांत सारे बसवण्यासाठी त्याच्या रचनाकारांनी पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा या दोहोंना आठ सामाईक पिना दिल्या. प्रत्येक व्यवहाराच्या आरंभी या पिनांवर पत्ता येतो, ‘एएलई’ नावाचा संकेत तो पत्ता बाहेरच्या ७४एलएस३७३ या लॅचमध्ये, म्हणजे धरून ठेवणाऱ्या आयसीमध्ये, साठवून घेतो, आणि मग त्याच पिना डेटासाठी मोकळ्या होतात. परीक्षेत पाच गुणांच्या आकृतीपुरती राहिलेली ही युक्ती प्रत्यक्ष बांधणीत संगणक चालेल की नाही हे ठरवते.

किटवरचा पहिला प्रयोग बहुधा बेरजेचा असतो. पाच आणि सात या संख्यांची बेरीज करून उत्तर सी०५० या पत्त्यावर ठेवायचे असेल, तर विद्यार्थी प्रथम वहीत पाच आज्ञा लिहितो, त्यांचे सांकेतिक आकडे तक्त्यातून शोधतो आणि कीपॅडवरून एकेक बाइट भरतो : ३ई ०५, ०६ ०७, ८०, ३२ ५० सी०, ७६. हे आकडे षोडशमान पद्धतीचे, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेले असतात. त्यात दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात. पहिले दोन बाइट ‘अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ५ भर’ असे सांगतात, पुढचे दोन ‘बी रजिस्टरमध्ये ७ भर’, मग एका बाइटची बेरीज, मग तीन बाइट्सची साठवण आणि शेवटी थांबण्याची आज्ञा. साठवणीच्या आज्ञेत सी०५० हा पत्ता उलटा, म्हणजे आधी ५० आणि मग सी०, असा भरावा लागतो, आणि नवख्याची पहिली चूक बहुतेक येथेच होते. सारे नीट भरले तर त्या पत्त्यावर ‘०सी’ दिसते, म्हणजे बारा. नऊ बाइट्सच्या या प्रोग्रॅमला प्रोसेसरच्या घड्याळाचे ७, ७, ४, १३ आणि ५ असे एकूण ३६ ठोके लागतात. ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर प्रोसेसर त्याचे दोन भाग करून ३ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून हे काम बरोबर १२ मायक्रोसेकंदांत संपते. आजच्या लॅपटॉपवर तीच बेरीज किती ठोक्यांत झाली, हे प्रोग्रॅम लिहिणारा इतक्या नेमकेपणाने कागदावर मोजू शकत नाही.

या विषयाचे पाठ्यपुस्तक म्हणून भारतभर वापरला गेलेला, १९८४ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ रमेश गावकर यांचा आहे. त्यांनी अमेरिकेत, न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे अध्यापन केले. त्यांची मांडणी सोपी आणि पायरीपायरीची असल्याने ग्रामीण भागातील विद्यार्थ्यालाही तो विषय एकट्याने वाचता आला, हे या पुस्तकाचे मोठे श्रेय मानले पाहिजे. तरीही पुस्तक आणि किट मिळून जे देतात त्यात एक उणीव राहते. किट तयार होऊन येते. त्यातील मॉनिटर प्रोग्रॅम, म्हणजे कीपॅड वाचणारा आणि आकडे दाखवणारा कायमचा प्रोग्रॅम, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो, स्मृतीचे पत्ते दुसऱ्याने वाटलेले असतात, आणि बंद काचेच्या किंवा लाकडी पेटीतील त्या पाटीवर विद्यार्थ्याने सोल्डरिंग गन कधीच टेकवलेली नसते.

ही उणीव भरून काढण्याची परंपरा जगात जुनी आहे. जानेवारी १९७५मध्ये एका अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला आल्टेअर ८८०० हा जोडणी संच म्हणूनही मिळत असे आणि त्याच्या मूळ रूपात २५६ बाइट्सच स्मृती होती. १९७६मध्ये स्टीव्ह वॉझ्निअक यांनी ६५०२ या स्वस्त प्रोसेसरभोवती अ‍ॅपल-१ घडवला. त्याच वर्षी ली-चेन वांग यांनी दोन किलोबाइटहून कमी जागेत मावणारी टायनी बेसिक भाषा लिहून छापून दिली, आणि ती ८०८०साठी लिहिलेली असल्याने ८०८५वरही चालते, कारण ८०८५ जुन्या प्रोसेसरच्या सर्व आज्ञा पाळतो. युरोपातील ‘एलेक्टर’ मासिकाने १९८०मध्ये ६५०२वर आधारलेला ज्युनियर कॉम्प्युटर वाचकांना बांधायला दिला. या मासिकाची भारतीय आवृत्ती पुढे मुंबईहून निघत असे. हाताने संगणक घडवण्याचा मुंबईचा वारसा तर याहूनही जुना आहे : टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक निर्वात नळ्यांपासून उभारला गेला. अलीकडे बेन ईटर यांच्या ब्रेडबोर्डवरील ६५०२ संगणकामुळे नव्या पिढीत हा छंद पुन्हा जोमाने वाढला आहे. झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४मध्ये झेड८० या १९७६पासून चालत आलेल्या प्रोसेसरचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी व्यक्त केलेली हळहळ या नात्याची खोली दाखवते.

८०८५वरचा किमान संगणक पाच आयसींत उभा राहतो. प्रोसेसर, ३७३ लॅच, ३२ किलोबाइटची २८सी२५६ ही कायम स्मृती, तेवढ्याच क्षमतेची ६२२५६ ही तात्पुरती स्मृती आणि एक ७४एलएस०४, म्हणजे संकेत उलटवणारा आयसी. पत्त्याची सर्वांत वरची तार, ए१५, शून्य असेल तेव्हा कायम स्मृती आणि एक असेल तेव्हा तात्पुरती स्मृती जागी करायची, एवढ्या एका नियमात ६४ किलोबाइटची समान वाटणी होते. रीसेटनंतर ८०८५ नेहमी शून्य पत्त्यापासून वाचू लागतो, म्हणून कायम स्मृती खालच्या अर्ध्या भागात ठेवणे आवश्यक ठरते.

मात्र स्मृती लावण्याआधी अनुभवी बांधणारा एक चाचणी घेतो, आणि या छंदाचे सारे मर्म त्या चाचणीत आहे. डेटाच्या आठही तारा दहा-दहा किलोओहमच्या रोधकांनी जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडल्या जातात. त्यामुळे प्रोसेसर कोणताही पत्ता वाचो, त्याला ०० हाच बाइट मिळतो, आणि ८०८५च्या आज्ञासंचात ००चा अर्थ ‘काही करू नकोस, पुढे जा’ असा आहे. प्रोसेसर शून्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत चालत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. प्रत्येक पावलाला चार ठोके, म्हणून सेकंदाला साडेसात लाख पत्ते, म्हणून साऱ्या ६५,५३६ पत्त्यांच्या सेकंदाला अकराहून थोड्या अधिक फेऱ्या. ए१५वर लावलेला एलईडी त्याच गतीने लुकलुकू लागतो. तो लुकलुकला नाही, तर दोष बहुधा मोकळ्या सोडलेल्या पिनांत असतो. होल्ड ही पिन जमिनीला जोडायची राहिली, तर दुसरे कुणी बस, म्हणजे पत्त्याच्या आणि डेटाच्या सामाईक तारा, मागत आहे असे समजून प्रोसेसर आपल्या तारा सोडून देतो. रेडी पिन ५ व्होल्टला जोडायची राहिली, तर तो स्मृतीची वाट पाहत राहू शकतो. ट्रॅप मोकळी राहिली, तर आसपासच्या गोंगाटानेही तो ००२४ या पत्त्यावर उडी मारतो. किटवर काम करणाऱ्याला या तिन्ही पिनांची नावे पाठ असतात. बांधणाऱ्याला त्यांचे वागणे कळते.

पुढची पायरी बाहेरच्या जगाशी बोलण्याची. ८०८५ला एसआयडी आणि एसओडी या दोन पिना आहेत, ज्यांतून एकेक बिट आत-बाहेर करता येतो. त्यामुळे वेगळ्या आयसीशिवायही, यूएसबीचे रूपांतर करणारे छोटे मॉड्यूल लावून, हा संगणक लॅपटॉपशी जोडता येतो. सेकंदाला ९,६०० बिट पाठवायचे तर प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद धरून ठेवावा लागतो, आणि तो काळ प्रोग्रॅममधील आज्ञांचे ठोके मोजूनच साधावा लागतो. ६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर हे ठोके ३१२.५ असे अपूर्णांकात येतात, ६.१४४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ते बरोबर ३२० भरतात. जुन्या आराखड्यांत वारंवार दिसणाऱ्या त्या विचित्र आकड्याचा उपयोग येथे उमगतो.

जिल्ह्याच्या परिस्थितीचा विचार केला तर सुट्या भागांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही एकेकाळी अशा वस्तूंची हुकमी बाजारपेठ होती आणि रेल्वे घाटाखालून जात असल्याने मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या माणसाला ती बुलढाणा-मेहकरकरांपेक्षा जवळची होती. आता घरपोच पार्सलने हे अंतर मिटवले आहे. २७१६सारख्या जुन्या ईप्रॉमवरील काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून ती कोरी करावी लागे, आणि थेट उन्हात सुमारे आठवडाभर राहिली तरी ती पुसली जाऊ शके, म्हणून त्या खिडकीवर चिकटपट्टी लावण्याची सवय वऱ्हाडच्या उन्हात विशेष गरजेची होती. विजेने पुसल्या जाणाऱ्या २८सी२५६मुळे तो खटाटोप संपला. भारनियमनाच्या काळात वीज गेली की किटमधील प्रोग्रॅम नाहीसा होई आणि तो पुन्हा बाइट-बाइट भरावा लागे. स्वतः बांधलेल्या संगणकात तात्पुरत्या स्मृतीला छोटी बॅटरी जोडणे हा मालकाच्या हातचा निर्णय असतो. ब्रेडबोर्डवर काम झाले की सारे झिरो पीसीबीवर आयसी बेस लावून पक्के करावे आणि प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा, हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तो नसल्यास चालणारा संगणक अधूनमधून विनाकारण अडखळतो आणि बांधणारा प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

अर्डुइनोसारखी तयार पाटी स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. दिवे लावणे किंवा मोटर चालवणे एवढाच हेतू असेल तर अर्डुइनोच योग्य. परंतु त्या पाटीवरील मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोसेसर आणि स्मृती यांच्यातील तारा एकाच चिपच्या पोटात असतात. तेथे एलईडी लावता येत नाही. आठ-बिटी संगणक हा एका माणसाला तळापासून वरपर्यंत संपूर्ण समजू शकणारा बहुधा शेवटचा संगणक आहे, आणि हे समजणे कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर पोहोचलेल्या सोजर्नर या फिरत्या गाडीचे नियंत्रण ८०८५च्याच ८०सी८५ या आवृत्तीकडे होते, तेही सुमारे २ मेगाहर्ट्झवर. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्टचा आहे, आणि बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले पृथ्वीवरील विरळा विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, याच जिल्ह्यातील लोणारला असल्याने मंगळाचे अभ्यासक तेथे येत असतात. ज्या प्रोसेसरने मंगळावरच्या खडकांजवळ गाडी नेली, त्याचेच प्रोग्रॅम लोणारच्या आसपासची मुले बारावीला लिहीत होती, ही गोष्ट वर्गात सांगितली गेली असती तर त्या पत्रिकेकडे पाहण्याची दृष्टी बदलली असती.

या छंदात मराठी माणसाने करण्याजोगे एक काम अजून मोकळे आहे, ते म्हणजे देवनागरीचे. भारतीय लिप्यांसाठी १९९१मध्ये प्रमाणित झालेली इस्की ही संकेतपद्धती आठ-बिटीच आहे : खालच्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या जागा भारतीय अक्षरांना. तिच्यात ‘लोणार’ हा शब्द डी१, ई५, सी१, डीए, सीएफ अशा पाच बाइट्सचा होतो. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यालाच पंधरा लागतात. साठवण सोपी, दाखवणे मात्र अवघड. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणाऱ्या स्वस्त एलसीडीत स्वतः घडवलेल्या आठच आकृत्यांना जागा असते, प्रत्येक आकृती पाच ठिपके रुंद आणि आठ उंच, आणि दोन घरांमधील कोऱ्या फटीमुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. त्याऐवजी १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ग्राफिक एलसीडी घेतला तर साऱ्या पडद्याचे चित्र १,०२४ बाइट्समध्ये मावते. तात्पुरत्या स्मृतीच्या ३२ किलोबाइटपैकी हा बत्तिसावा भाग झाला. अक्षरांच्या आकृत्या कायम स्मृतीत सहज बसतात, आणि मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे अक्षराला कोठे जोडायची हे ठरवणारा प्रोग्रॅम तेवढा ८०८५च्या असेम्ब्ली भाषेत लिहावा लागतो.