गृहकर्जाची निवड : व्याजदराची जोखीम आणि ऋणकोचे उत्पन्न

घरासाठी कर्ज काढणारा ऋणको प्रथम चौकशी करतो ती व्याजाच्या दराची. दोन बँकांच्या दरांत पाव टक्क्याचा फरक दिसला की निवड झालीच, असे त्यास वाटते. परंतु वीस वर्षांच्या कर्जात पहिल्या दिवशीचा दर हा केवळ आरंभ होय. पुढे दर चढल्यास तो भार कोणी व कोणत्या रूपाने सोसावयाचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून त्याचे उत्तर ऋणकोच्या उत्पन्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची चल दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडली गेली. मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर पोहोचला. याचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. ३० लाख रुपयांचे कर्ज, मुदत २० वर्षे व दर ७ टक्के असता मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १७,५०० रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटते ते अवघे ५,७५९ रुपये. कर्ज नुकतेच घेतलेले असताना दर ९.५ टक्के झाला, तर एका महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये होते. हप्ता पूर्वीचाच ठेवल्यास मुदत कितीही वाढविली तरी ते कर्ज फिटणे नाही! मुदत कायम ठेवावयाची तर हप्ता सुमारे २७,९६४ रुपये करावा लागतो. ऋणकोस नीट न कळविता मुदत वा हप्ता वाढविल्याच्या तक्रारी आल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ही निवड ऋणकोकडे सोपविण्याचा आदेश दिला.

कायम नोकरीतील तरुण पगारदारास असा वाढीव हप्ता बहुधा झेपतो, कारण त्याचे वेतन वर्षानुवर्षे वाढत असते. शिवाय व्यक्तीने घेतलेल्या चल दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करताना बँकेस दंड आकारता येत नाही. त्याने चल दर पत्करावा हेच योग्य. निवृत्तीस दहा-बारा वर्षे उरलेल्या ऋणकोची गोष्ट निराळी. त्याच्या बाबतीत मुदतवाढ म्हणजे निवृत्तिवेतनातून हप्ते भरणे होय. स्थिर दर आरंभी महाग पडला तरी त्याने त्याचा विचार करावा. मात्र करारातील कलमे वाचूनच. काही वर्षांनी दराचा फेरविचार करण्याचा अधिकार धनकोने राखून ठेवला असेल, तर तो दर नावापुरताच स्थिर.

व्यापारी वा वकील यांची प्राप्ती एकसारखी नसते. हाती आलेली रक्कम कर्जखात्यात ठेवावी, गरजेस काढावी, आणि व्याज उरलेल्या बाकीवरच पडावे, अशी ओव्हरड्राफ्ट पद्धतीची गृहकर्जे त्यांना सोयीची पडतात. दर किंचित अधिक असतो. खात्यात शिल्लक राहत नसेल तर तो अधिक दर व्यर्थच भरला जातो.

ज्याच्याजवळ पगारपत्रक नाही, अशा लहान दुकानदारास वा कारागिरास निवडीस फारसा वाव नसतो. तो बहुधा गृहवित्त कंपनीकडे जातो. २०१९ चा बाह्य मानदंडाचा नियम बँकांसाठी होता. या कंपन्या आपला मूळ दर स्वतः ठरवितात. रेपो दर उतरला तरी त्याचा लाभ अशा ऋणकोस केव्हा व किती मिळेल, हे कंपनीच्या निर्णयावर राहते. यास्तव त्याने कंपनीने मागील चार-पाच वर्षांत जुन्या ऋणकोंचा दर केव्हा वाढविला व केव्हा उतरविला, हे सही करण्यापूर्वी लेखी मागावे.